मनगटावरचा चुगलखोर

मुलगा न मागता काही आणून देतो तेव्हा बापाने आधी खोक्यावरची बारीक अक्षरं वाचावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत आता झालंय. सिद्धेशने माझ्या साठीला ते घड्याळ आणलं तेव्हा मी नुसताच हुरळलो आणि हात पुढे केला. त्याने पट्टा आवळला, माझ्या फोनवर काहीतरी केलं, स्वतःच्या फोनवर काहीतरी केलं आणि म्हणाला, "पप्पा, आता तुमचे ठोके मला अंधेरीत बसून दिसणार."

"कशाला?"

"असंच. काळजी."

काळजी म्हणे! मागच्या वर्षी मला ताप आला तेव्हा हाच मुलगा फोनवर "पाणी प्या" एवढं सांगून मीटिंगला गेला होता. घड्याळाच्या पोटाखाली हिरवे दिवे लुकलुकत होते. ते कातडीतून आतलं रक्त बघतात आणि त्यावरून हृदयाचे ठोके मोजतात, असं त्याने समजावलं. चोवीस तास कुणीतरी आपलं रक्त बघत बसणार ही कल्पना मला पहिल्या मिनिटापासून खटकली होती. पण सून प्रांजल केक घेऊन उभी होती, म्हणून मी हसलो.

पहिले काही दिवस घड्याळ गुण्यागोविंदाने राहिलं. मी फार वेळ बसलो की उठा म्हणायचं, उठलो की शाब्बास म्हणायचं. माझ्या बायकोने, प्रेमाने, एवढ्या संसारात मला एकदाही शाब्बास म्हटलेलं नाही, त्यामुळे मी थोडा विरघळलोही. आणि मग गुरुवार आला.

गुरुवारी आमच्या भजन मंडळाची तालीम असते. भांडुपला आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर सोसायटीचं ऑफिस आहे. तिथलं टेबल भिंतीला लावलं की सगळं मंडळ मांडीला मांडी लावून मावतं. पेटीवर दत्ताराम बुवा, पखवाजावर राजाराम आणि राजारामच्या शेजारी झांजेवर मी. झांज म्हणजे टाळ नव्हे, हे मला लोकांना नेहमी सांगावं लागतं. टाळ कुणाच्याही हातात देता येतो. आमच्या कोकणी भजनात झांजवाला एकच, आणि अख्खं भजन त्याच्यावर उभं असतं. निदान मी तसं मानतो. राजाराम मानत नाही. त्याच्या मते लय पखवाज सांभाळतो. माझ्या मते राजाराम लय पळवतो आणि मी बिचारा ती मागे खेचून धरतो. हे मी त्याला चारचौघांत, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर त्याच्या व्याह्यांसमोरही ऐकवलेलं आहे.

तर त्या गुरुवारी अभंग रंगात आला होता. तेवढ्यात मनगटावर घड्याळ थरथरायला लागलं. आपण बसलेले दिसता, तरीही आपले ठोके एकशे अडतीस आहेत, विश्रांती घ्या, असं त्याचं म्हणणं. मी दुर्लक्ष केलं. मग खिशात फोन थरथरला. मी त्याच्याकडेही दुर्लक्ष केलं. मग दार धाडकन उघडलं आणि पिठाच्या हातांनी प्रेमा आत आली.

"अहो, ठेवा ती झांज खाली! सिद्धेशचा फोन आलाय. तुमचं हृदय पळतंय!"

पेटी थांबली. सगळं मंडळ माझ्या छातीकडे बघायला लागलं. बुवांचा भाचा सर्वेश कोरसात मागे बसतो, तो टुणकन उठून पुढे आला. "काका, द्या, मी धरतो," म्हणत त्याने माझ्या बोटांतून झांजेच्या दोऱ्या सोडवल्या. त्या इतक्या सराईतपणे सोडवल्या की मला तिथेच संशय आला.

आता या संशयामागचं कारण सांगतो. माघी गणपतीला आमच्या सोसायटीच्या मैदानात डबलबारी ठरली होती. डबलबारीत दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात, आळीपाळीने गातात आणि गाता गाता एकमेकांच्या टोप्या उडवतात. समोर वाकोल्याचे बुवा येणार होते, ज्यांचं नाव काढलं की आमचे बुवा पान चघळायचं थांबवतात. आमच्या स्वतःच्या दारात अशी बारी कधीच झाली नव्हती. त्या बारीत राजारामच्या शेजारी बसायचं एवढी एकच गोष्ट मला आयुष्यात अजून हवी होती. आणि सर्वेशने त्याच आठवड्यात लालबागहून नवी कोरी झांज आणली होती. कोरसातल्या माणसाला झांज कशाला लागते?

दुसऱ्या दिवसापासून इमारत माझ्या मनगटाला लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या जया वाघमारे बाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी माझा हात वहीसारखा उलटासुलटा करून पट्टा सैल असल्याचं निदान केलं. पट्टा आवळला. हात काळानिळा झाला, ठोके तेवढेच. वरच्या मजल्यावरचा मिहिर म्हणाला, "काका, तुमच्या हाताला केस किती आहेत ना, त्याच्यातून लाइट आत जात नसणार." मी मनगटावरचे केस काढले. चार बोटं रुंद गुळगुळीत पट्टी घेऊन मी आठवडाभर फिरलो आणि भेटेल तो विचारायचा, काय, सलाईन लावलं होतं का? कुणी अर्जुनाची साल उकळून प्यायला सांगितली, कुणी उजव्या हातात घालायला सांगितलं. उजव्या हातात घातल्यावर दर गुरुवारी ठोके उजवीकडून वाढायला लागले.

घड्याळाच्या कंपनीलाही फोन केला. तिथल्या मुलीने हिंदीत विचारलं, "सर, उस समय आप एक्सरसाइज कर रहे थे?"

"नाही, बैठा था. भजन में."

"सर, बैठे-बैठे इतना है तो आप डॉक्टर को दिखाइए. और हमारा डिवाइस मेडिकल डिवाइस नहीं है, सर."

म्हणजे डॉक्टरकडे जा असं सांगण्याइतकं ते हुशार आहे, पण त्याचं ऐकून डॉक्टरकडे गेलात तर कंपनी जबाबदार नाही. मी तिला हे बोलून दाखवलं. तिने माझी तक्रार नोंदवून घेतली आणि फोनवर सतार लावून दिली.

खरा घोळ घातला तो सोसायटीचे सेक्रेटरी अनिरुद्ध रणपिसे यांनी. रणपिसे जिन्यातल्या कुंडीलासुद्धा नोटीस देणारे गृहस्थ. त्यांनी मला गेटवर गाठलं. "तावडे, कार्यक्रम सोसायटीच्या आवारात आहे. तुम्हाला काही झालं तर? मला डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागेल."

"मला काही झालेलं नाही."

"तेच सर्टिफिकेटवर आणा."

तेवढ्यात जिन्यावरून सर्वेश उतरला. "काळजी नको काका, वेळ पडली तर मी आहेच," असं म्हणून गेला. वेळ पडली तर म्हणे! हा वेळ पडायची वाट बघत होता.

डॉक्टर जान्हवींनी माझा ईसीजी काढला. तो इस्त्री केल्यासारखा सरळसाधा निघाला. "विश्रांतीच्या वेळी हृदयाचे कार्य उत्तम" असं त्यांनी लिहून दिलं. रणपिसेंनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "भजन विश्रांतीत मोडतं का? बघा, उद्या प्रश्न येईल. यात झांजेचा उल्लेख हवा."

मी परत गेलो. डॉक्टरांचं बालपण नाशकात गेलेलं. त्यांनी विचारलं, "झांज म्हणजे नक्की केवढा श्रम?" तेव्हा मी दुसऱ्या दिवशी झांजच घेऊन गेलो. "वाजवा," त्या म्हणाल्या आणि छातीला स्टेथोस्कोप लावला. मी वाजवली. बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले, एक लहान मूल रडायला लागलं, कंपाउंडर धावत आला. डॉक्टरांनी कानातून नळ्या काढल्या आणि म्हणाल्या, "मला झांजेशिवाय काहीच ऐकू येत नाही. तुम्ही ट्रेडमिलवर टेस्ट करून घ्या."

मुलुंडच्या एका सेंटरमध्ये मला उघडं करून छातीला वायरी डकवल्या आणि चालत्या पट्ट्यावर सोडलं. समोरचा दांडा घट्ट धरा, सोडू नका, असा हुकूम होता. मी दांडा धरून धावलो. धावलो म्हणजे काय, जीव खाऊन धावलो. पडद्यावरचा आकडा एकशे चाळीसच्या वर गेला, माझ्या तोंडाला फेस आला, आणि सवयीने मी मनगटाकडे पाहिलं. घड्याळ म्हणत होतं, ब्याऐंशी. शांत. आपण आराम करत आहात. भजनात मांडी घालून बसलो तर बोंब मारतं आणि इथे मरायला टेकलो तर निवांत! हे घड्याळ नुसतं चुगलखोर नाही, खोटारडंही आहे, अशी माझी खात्री पटली. पण का खोटं बोलतंय आणि कुणाच्या सांगण्यावरून, ते कळेना. सिद्धेश आणि सर्वेश एकाच शाळेत होते, हेही मला तिथे धावता धावता आठवलं.

टेस्ट चांगली आली. "बसून करावयाच्या सांगीतिक श्रमास योग्य" असं सर्टिफिकेट मिळालं, रणपिसेंनी ते फायलीला लावलं. पण प्रेमाचं समाधान होईना. "डॉक्टरांनी तुम्हाला एकदाच बघितलं. घड्याळ रोज बघतं," हा तिचा मुद्दा. आणि बुवा प्रेमाला घाबरतात. "तावड्या, वहिनी हो म्हणतीत तवसर तू झांजेक हात लावू नको," त्यांनी निरोप पाठवला. तालमीत झांजेवर सर्वेश बसायला लागला. मी घरात बसून खालचा आवाज ऐकायचो आणि चुका काढायचो. चुका फार निघत नव्हत्या, हे सगळ्यात वाईट होतं.

मग एका सकाळी प्रेमाला माझाच संशय आला. मी पट्टा मुद्दाम सैल करतो आणि खरे आकडे लपवतो, असं तिला वाटलं. "आणा ते इकडे," म्हणून तिने घड्याळ स्वतःच्या हातात चढवलं आणि स्वयंपाकघरात गेली. मी पलंगावर आडवा होऊन पेपर उघडला. पाच मिनिटांत सिद्धेशचा फोन.

"पप्पा! काय करताय तुम्ही? एकशे बत्तीस!"

"झोपलोय."

"झोपून एकशे बत्तीस? पप्पा, उठू नका. मी निघतो."

स्वयंपाकघरातून आवाज येत होता. थप थप थप थप. प्रेमा तांदळाची भाकरी थापत होती. मग आवाज थांबला. भाकरी तव्यावर गेली असणार.

"थांबा, उतरले," सिद्धेश म्हणाला. "नव्वद."

थप थप थप.

"चढले! परत एकशे तीस! पप्पा, श्वास घ्या!"

मी श्वास घेतला. फोन कानाला लावूनच स्वयंपाकघराच्या दारात गेलो. प्रेमाने दुसरी भाकरी तव्यावर टाकली. "उतरले," सिद्धेश म्हणाला. तिने तिसरा गोळा घेतला. "चढले." मला एकदम तो ट्रेडमिलचा दांडा आठवला. तिथे पाय धावत होते, पण हात जागेवर होते. इथे माणूस जागेवर होता आणि हात चालत होता. "सिद्धेश," मी ओरडलो, "हे काळीज मोजतच नाही रे! हे हात मोजतंय!"

मग इंटरनेटवर शोधून त्याने सांगितलं की असं होतं म्हणे. हात एका लयीत हलत राहिला की कधी कधी घड्याळ रक्ताऐवजी त्या हलण्यालाच ठोके समजतं. मी पेपर हवेत उडवला. प्रेमा मात्र पिठाचा हात कमरेवर ठेवून बघत होती.

"म्हणजे इतका वेळ माझं हृदय एकशे बत्तीस दिसत होतं," ती म्हणाली, "आणि तुम्ही दोघं नाचताय? माझी कुणाला काळजी वाटली?"

मी भाकरी उलटली.

पण आता मला माझी अब्रू परत हवी होती, आणि तीही सर्वांसमोर. पुढच्या गुरुवारी मी ऑफिसात सगळ्यांना जमवलं. रणपिसे आले, वाघमारे बाई आल्या, प्रेमा आली, अंधेरीहून सिद्धेशही आला. मी उभा राहून भाषण केलं. यंत्राच्या सांगण्यावरून एका निरोगी माणसाला कसं जागेवरून उठवलं जातं, यावर बोललो. सर्वेशकडे बघत बोललो. मग घड्याळ राजारामच्या हातात बांधलं. त्याने पखवाज वाजवला, आकडा चढला. बुवांच्या हातात बांधलं. ते पेटीचा भाता संथ हलवत राहिले, आकडा खालीच राहिला. मग मी स्वतः बांधलं, झांज घेतली, आणि आकडा माझ्या हाताबरोबर सुरू झाला, हाताबरोबर थांबला. टाळ्या पडल्या. रणपिसेंनीसुद्धा दोन बोटांनी टाळी वाजवली. सर्वेश नव्या झांजेला फडकं गुंडाळायला लागला. माझ्या आयुष्यातला तो एक उत्तम क्षण होता आणि तो तिथेच संपवायला हवा होता.

सिद्धेश पडला आईवर गेलेला. त्याला प्रश्न पडला. "म्हणजे पप्पा, मागच्या गुरुवारांचा जो ग्राफ आहे माझ्याकडे, तो तुमच्या झांजेचा आहे."

"अर्थात!" मी छाती काढून म्हणालो.

बुवांनी चष्मा चढवला. "बघू, बघू." त्यांनी फोन नाकाजवळ धरला. "ही रेघ कसली?"

"हा तुमचा अभंग. सुरू झाला तेव्हा एकशे चार होते."

"आणि हय?"

"थांबला तेव्हा एकशे अडतीस."

बुवा बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. रेघ डावीकडून उजवीकडे जिन्यासारखी चढत गेली होती. त्यांनी आधीच्या गुरुवारची रेघ मागितली. तीही चढलेली होती.

"मी लय वाढवूक नाय," बुवा हळू आवाजात म्हणाले.

राजारामने मान खाली घातली आणि पखवाज घुमावा म्हणून त्याला लावलेली कणीक बोटाने नीट करत बसला. तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. त्याने बघितलं असतं, दोन शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. इतकी वर्षं मी ज्याला लय पळवतो म्हणून बदनाम केलं, त्याच्याकडे आता एका मुलाने अंधेरीहून आणलेला पुरावा होता. आणि तो मुलगा माझाच होता.

अशा वेळी माणसाला फार भराभर विचार करावा लागतो. हृदयाच्या पेशंटला लोक शहाळं आणून देतात, जिन्यात हात धरतात. लय पळवणाऱ्या झांजवाल्याला कुणी विचारत नाही. मी छातीवर हात ठेवला.

"बुवा, खरं सांगू का," मी म्हणालो, "थोडं धडधडतंय."

"कुठे?" प्रेमाने विचारलं.

"आत."

"मग ते सर्टिफिकेट मला रद्द करावं लागेल," रणपिसे म्हणाले.

बुवा हसायला लागले. त्यांच्या मागे कोरस हसला, वाघमारे बाई पदर तोंडाला लावून हसल्या. माझे कान तापले. मी झांज राजारामसमोर ठेवली आणि उठायला लागलो. तेव्हा राजारामने माझा सदरा धरून मला खाली ओढलं.

"बस रे," तो म्हणाला. "सर्वेश बरा वाजवतो, पण त्याच्याशी भांडायला मजा येत नाही."

बुवांनी निकाल दिला. झांज तावड्याचीच. मात्र घड्याळ तावड्याच्या हातात आणि तावड्याचा फोन राजारामच्या पुढ्यात. आकडा बुवांच्या आधी चढला की राजारामने खाकरायचं. सर्वेश नवी झांज घेऊन मागे तयार बसणार. म्हणजे माझ्याच आळाची शिक्षा मला त्याच माणसाच्या हातून मिळणार होती. मी कबूल केलं. पहिल्या तालमीत राजाराम इतका खाकरला की प्रेमाने त्याच्यासाठी आलं घालून काढा पाठवला. दुसऱ्या तालमीत काढा अर्धा उरला. मला वाटायचं तो मुद्दाम खाकरतो, म्हणून मी एकदा डोकावून फोन पाहिला. मुद्दाम खाकरत नव्हता.

माघी गणपतीच्या संध्याकाळी मैदान भरलं. समोर वाकोल्याचे बुवा झब्ब्याच्या बाह्या सारून बसले होते. पहिल्या रांगेत प्रेमा, सिद्धेश, प्रांजल, आणि कडेला रणपिसे, मांडीवर फाईल घेऊन. आमची बारी सुरू झाली. मी कुणाकडे बघितलं नाही. पहिल्या अभंगात हात दोनदा पुढे धावायला निघाला, दोनदा मी त्याला धरला. माझा कान सगळा राजारामच्या घशाकडे लागला होता. तो खाकरला नाही. गवळण झाली, तरी खाकरला नाही. शेवटी गजर आला, बुवांनी स्वतः लय चढवली तेव्हाच आम्ही दोघं त्यांच्यामागून चढलो, आणि बुवांनी हात उचलला त्याच ठोक्याला थांबलो. राजारामचा घसा साफ होता. मागे सर्वेशची झांज फडक्यातून बाहेर आली नव्हती.

आता समोरची बारी. वाकोल्याच्या बुवांनी माइक ओढला. आता ते आमची टोपी उडवणार म्हणून लोक सावरून बसले.

"दत्ताराम बुवांका मी काय सांगायचा तां मागाहून सांगतंय," ते म्हणाले. "पण त्येंचो तो झांजवालो कोण, तां कोणी माका सांगा. अशी बसलेली झांज मी लय दिवसांत ऐकूक नाय."

मैदानात टाळ्या झाल्या. माझे दोन्ही हात मांडीवर होते, झांज पुढ्यात पडली होती. आणि मनगटावर घड्याळ थरथरलं.

राजारामने फोनकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे पाहिलं. परत फोनकडे पाहिलं. "वाट लागली याची," तो कुजबुजला. "हात जागेवर आणि हे एकशे सव्वीस दाखवतंय. टाकून दे रे हे डबडं."

पहिल्या रांगेतून प्रेमाने भुवई उडवून विचारलं, काय झालं? सिद्धेश आपल्या फोनकडे बघून नुसता हसला आणि फोन खिशात टाकला. त्या घड्याळाने आल्यापासून पहिल्यांदाच खरं सांगितलं होतं, आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारं भांडुपमध्ये कुणी उरलं नव्हतं.

"काही नाही," मी प्रेमाला खुणेने सांगितलं, "हात हलला." आणि सदऱ्याची बाही मनगटावर ओढून घेतली.